निंगाप्पाची मूठ

खानापूर रोडच्या नव्या इस्पितळात तिसरी रात्र.
तळघरात पॅनेलचं दार सताड उघडं,
आत सतरा कंट्रोलर, हिरवे-लाल दिवे,
आणि पुण्याहून आलेला नकाशा,
ज्यातली एकही वायर हुबळीच्या वायरमननं
नकाशाप्रमाणं ओढलेली नाही.

मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसलेय, मांडीवर लॅपटॉप.
शेजारी डब्यात भाकरी, कारळ्याची चटणी
आणि आईचा प्रश्न:
"चार बटनं लावायला रात्र लागतीय काय गं?"

लागते, आई.
एकेकाच्या पोटात आठ बारक्या कळा असतात,
रिफिलच्या टोकानं वर-खाली करायच्या,
तो त्याचा घरनंबर.
काल चुकून दोघांना एकच दिला गेला, बारा.
मग आजोबांचं नाव ठेवलेल्या दोन चुलतभावांसारखं झालं:
हाक मारली की दोघंही ओ देतात,
आणि हाक मारणाऱ्याच्या पदरात नुसता गोंगाट.
पहाटे तीनला सापडले.
एक तर फॉल्स सीलिंगच्या वर, पालीच्या अंड्यांशेजारी.

आणि ओळीतल्या शेवटच्याच्या पायाशी
एकशेवीस ओहमचा रोध बांधायचा.
नाही बांधला तर शब्द टोकाला आपटतो,
उलटा फिरतो,
मागून येणाऱ्या आपल्याच शब्दाला धडकतो.
हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
मी ओळीच्या टोकाच्या गावातली.

आता तापमान.
चौथ्या मजल्यावरची एक खोली चोपन्न अंश दाखवतेय.
चोपन्न!
तिथं अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवणार आहेत.
सेन्सरची जात चुकली होती, यादीतली तिसरी,
पाहिजे दुसरी. बदलली.
तेवीस पूर्णांक एक.
पण खोली कुठली?
वायरी चार, चारही पिवळ्या,
चिकटपट्टीवरची अक्षरं कुणाच्या तरी घामानं फिसकटलेली.

निंगाप्पाला फोन लावते.
सांबऱ्याचा, एकोणीस वर्षांचा.
शिडी धरायला आला होता, आता निम्मं काम तोच करतो.
विचार कन्नडात, शिव्या मराठीत, आकडे इंग्रजीत.
"अक्का, इथं चार हायत. कुठला?"
"एकेक मुठीत धर. घट्ट."

पहिला. काही नाही.
दुसरा. काही नाही. वर कुठंतरी दार आपटलं.
तिसरा.
तेवीस एक.
तेवीस चार.
पंचवीस.
अठ्ठावीस सहा.
"बिसी आतेन, अक्का?"
"होतंय, होतंय."
एकतीस.
चार मजले, साठ मीटर, दोन तारा,
आणि सांबऱ्याच्या एका पोराच्या तळव्याची ऊब
माझ्या मांडीवर आकडा होऊन चढतेय.
तेहतीस दोन.
सोडू नको म्हणावंसं वाटलं.
"सोड."

मग नाव द्यायचं. कन्सल्टंटचा नियम:
इंग्रजी, सोळा अक्षरं, मधे जागा नको. दिलं.
खाली वर्णनाचा एक रकाना असतो,
इमारत ताब्यात देताना तो कुणीच उघडत नाही.
त्यात मराठी टाकून बघितली. चौकोन उमटले.
कन्नड टाकली. चौकोनच,
तेवढेच रिकामे.
शेवटी रोमन लिपीत लिहिलं: निंगाप्पाची मूठ.

चोवीस ते सव्वीस ठरवलं.
मधल्या दोन अंशांत यंत्रानं काही करायचं नाही,
नुसतं बघत राहायचं.

चारला ब्लोअर आपणहून सुरू झाला.
शाफ्टमधून निंगाप्पाची शिट्टी खाली आली,
मागोमाग तो.
भाकरी मोडली, निम्मी त्याला.
हात धुतलास काय, विचारलं नाही.

उरल्या तीन पिवळ्या वायरी.